पोहण्याच्या इंग्रजीतलं लॅटिन: खरं नातं कुठलं, नुसतं साम्य कुठलं

प्रश्न असा आहे: पोहण्याशी संबंधित इंग्रजी शब्दांपैकी लॅटिनमधून आलेले कोणते, ते ओळखायचे कसे, आणि 'नटेशन'चं (पोहणं) 'नेशन'शी काही नातं आहे का? शेवटच्या भागाचं उत्तर आधी देतो: काहीही नातं नाही. ते का नाही, हे कळलं की उरलेलं बरंच आपोआप सुटतं, म्हणून त्याकडे पुन्हा येऊच.

शिवाजी पार्कच्या महापालिकेच्या तलावावर तासभर उभं राहिलात आणि कानावर पडणारे इंग्रजी शब्द टिपत गेलात, तर त्यांत लॅटिन फारच थोडं सापडेल. स्विम, फ्लोट, डाइव्ह, ड्राउन, स्ट्रोक, किक, लेन, पूल, बाथ, डीप, शॅलो. 'किक'चा उगम धूसर आहे, पण बाकीचे सगळे इंग्रजीचे घरचे, म्हणजे जर्मानिक. 'क्रॉल' स्कँडिनेव्हियाकडून आला. 'कोच' तर हंगेरीतल्या कोच नावाच्या गावावरून. तिथे बनणाऱ्या घोडागाडीचं ते नाव होतं. शरीर पाण्यात जे करतं त्याचे शब्द घरचे. लॅटिन सुरू होतं ते पाण्याबाहेर, म्हणजे नियमावलीत, डॉक्टरच्या रिपोर्टात, प्रयोगशाळेत, संघटनेच्या लेटरहेडवर. आपल्याकडच्या 'अमॅच्युअर ॲक्वाटिक असोसिएशन' या नावातले तिन्ही शब्द लॅटिनमधून आलेले आहेत. अमातोर म्हणजे आवडीने करणारा, म्हणून आपण त्याला 'हौशी' म्हणतो ते अगदी नेमकं बसतं.

आता पोहण्याचा खास लॅटिन धातू. मूळ क्रियापद 'नारे', म्हणजे पोहणे. त्याचं वारंवारतादर्शक रूप 'नतारे', आणि पुढे रोजच्या लॅटिनमध्ये हेच जास्त चाललं. त्यावरून इंग्रजीत नटेशन, नेटंट, नेटटोरियम (पोहण्याचा तलाव), सुपरनेटंट. पोहण्याचा आंतरराष्ट्रीय महासंघ १९०८ साली लंडनमध्ये स्थापन झाला. त्याच्या फ्रेंच नावाच्या आद्याक्षरांतून 'फिना' झालं, आणि त्यातला 'न' म्हणजे नातास्यों, पोहणं. डिसेंबर २०२२ मध्ये महासंघाने 'वर्ल्ड ॲक्वाटिक्स' हे नाव घेतलं. एक लॅटिन शब्द गेला, दुसरा आला.

इथे भाषांतर करणाऱ्यांची एक चूक नेहमी होते. 'ॲक्वाटिक्स'ला सरसकट 'जलतरण' लिहितात. महासंघाच्या छत्राखाली पोहण्याबरोबर खुल्या पाण्यातलं पोहणं, डायव्हिंग, हाय डायव्हिंग, वॉटर पोलो आणि आर्टिस्टिक स्विमिंगही येतं. त्यामुळे 'नटेशन' म्हणजे जलतरण आणि 'ॲक्वाटिक्स' म्हणजे जलक्रीडा, असा भेद पाळलेला बरा. साध्या इंग्रजी लिखाणात मात्र 'नटेशन' वापरूच नका. तो कोशात आणि संस्थांच्या जुन्या नावांत शोभतो, बोलण्यात हास्यास्पद वाटतो.

नारे, नतारे हे मराठी माणसाला परके वाटायचं कारण नाही, कारण संस्कृतातला 'स्ना' तो हाच. लॅटिनमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा 'स्न' टिकत नाही, 'स' गळतो. एका उदाहरणावर विसंबायचं नसेल तर दुसरं घ्या. संस्कृत 'स्नुषा', आपली सून, लॅटिनमध्ये 'नुरुस' आहे. तोच नियम, तीच गळती. (स्नुषामधला 'ष' पुढे 'र' झाला, तोही लॅटिनचा नेहमीचा बदल.) म्हणजे स्नान, न्हाणं, न्हाणीघर आणि अमेरिकेतलं नेटटोरियम ही एकाच घरातली मंडळी. अभ्यास पुरा झाल्यावर विधिपूर्वक न्हालेला तो स्नातक. विद्येत खोल न्हालेला तो निष्णात, नि अधिक स्ना. एखाद्या बातमीत 'निष्णात जलतरणपटू' वाचलंत तर त्यातलं पाणी दुप्पट आहे. 'जलतरण'मधला 'तॄ', ओलांडणे, हाही लॅटिनमध्ये आहे. 'ट्रान्स' हा उपसर्ग त्याच मूळ धातूवरून आलेला मानतात.

आंघोळ आणि पोहणं यांची सरमिसळ शब्दांत सगळीकडे दिसते. गिरगाव चौपाटीलगतच्या तलावाचं नाव प्राणसुखलाल मफतलाल हिंदू स्विमिंग बाथ, आणि बोलताना त्याचं नुसतं 'मफतलाल बाथ' होतं. बायबलच्या लॅटिन भाषांतरात, योहानाच्या नवव्या अध्यायात, आंधळ्या माणसाला सिलोआमच्या तळ्यावर डोळे धुवायला पाठवलंय. तिथे तळ्यासाठी 'नतातोरिया' हा शब्द आहे. पोहण्याची जागा, पण काम धुण्याचं. अमेरिकन इंग्रजीत 'नेटटोरियम' म्हणजे सहसा छताखालचा तलाव. पण होनोलुलूला वायकिकीच्या किनाऱ्यावर १९२७ मध्ये खुला झालेला प्रसिद्ध नेटटोरियम उघड्या आभाळाखाली आहे आणि त्यात समुद्राचंच पाणी येत असे. तेव्हा मराठी करताना 'बंदिस्त तलाव' लिहिण्याआधी इमारत कुठली ते बघा.

लॅटिनमध्ये तलावासाठी आणखी एक शब्द होता, पिस्कीना. पिस्किस म्हणजे मासा, म्हणून पिस्कीना म्हणजे आधी माशांचं तळं. पुढे रोमन लोक त्यात स्वतःच उतरू लागले. फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश या तिन्हींत आजही पोहण्याचा तलाव म्हणजे हाच शब्द. इंग्रजीने तो घेतला तो फक्त चर्चमधल्या वेदीजवळच्या दगडी कुंडासाठी. इंग्रजीत 'पिसिना' म्हणून पोहायला जाता येणार नाही.

'नेटंट' वनस्पतिशास्त्रात जिवंत आहे. शिंगाड्याचं शास्त्रीय नाव ट्रापा नाटान्स, आणि त्यातलं दुसरं पद म्हणजे 'पोहणारा', कारण पानांचा झुबका पाण्यावर तरंगतो. लॅटिनमध्ये पोहणं आणि तरंगणं हे दोन्ही अर्थ या एका क्रियापदात बसत. 'सुपरनेटंट' पॅथॉलॉजी लॅबमध्ये रोज ऐकू येतो. नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवला की जड भाग तळाशी बसतो आणि वर जो निवळ द्रव राहतो तो सुपरनेटंट, 'वर तरंगणारा'. विद्यार्थी त्याला 'सुपर' आणि 'नेट' असं तोडतात आणि अर्थ हातातून निसटतो. तोडायचं ते सुपर, मग नेटंट.

आता 'नेशन'. नेशन, नेटिव्ह, नेटल हे सगळे लॅटिन 'नातुस' म्हणजे जन्मलेला यावरून आले. त्याचं जुनं रूप 'ग्नातुस', आणि ते आपल्या जन्, जात, जन्म यांचं भावंड. पोहण्याचा नतारे ऱ्हस्व 'न'ने सुरू होतो, जन्माचा नातुस दीर्घ 'ना'ने. रोमन लिपीत दोन्हींचं लेखन सारखंच दिसतं, म्हणून इंग्रजी माध्यमातली मुलं फसतात. देवनागरीत लिहून पाहिलं की फरक डोळ्यांना दिसतो. लॅटिन शब्द वहीत उतरवताना देवनागरी वापरा असा माझा आग्रह असतो तो यासाठीच. ऱ्हस्व-दीर्घ ठरवायला कोशात स्वरावर आडवी रेघ आहे का ते बघायचं. रेघ म्हणजे दीर्घ.

तिसरा फसवा गट नेव्हल, नेव्हिगेट यांचा. तो 'नाविस' म्हणजे जहाज यावरून, आणि संस्कृतातला त्याचा जोडीदार 'नौ'. पाण्याशी संबंध आहे, पण धातू वेगळा. परीक्षेत 'नेव्हिगेशन आणि नटेशनचं मूळ एकच' असं लिहिलंत तर गुण जातील, आणि जायलाच हवेत.

दुसरा मोठा धातू बुडण्याचा: मेर्गेरे. त्याच्या दोन रूपांवरून इंग्रजीत दोन रांगा तयार झाल्या. वर्तमानाच्या 'मेर्ग्'वरून सबमर्ज, इमर्ज, मर्ज. भूतकाळी विशेषणाच्या 'मेर्सुस'वरून इमर्शन, सबमर्शन, सबमर्सिबल. क्रियापद 'सबमर्ज' आणि नाम 'सबमर्शन' असा ज-श चा खेळ दिसला की चूक समजू नका, दोन्ही एकाच क्रियापदाची पोरं आहेत. संस्कृतात हाच धातू 'मज्ज्'. मूळ रूपात स-ग अशी जोडी होती. तिच्यातल्या 'स'चा उच्चार घोष, म्हणजे 'झ'सारखा, झाला, लॅटिनमध्ये त्याचा 'र' झाला आणि संस्कृतात तो शेजारच्या व्यंजनात मिसळून 'ज्ज' झाला. मज्ज्‌चं भूतकाळी विशेषण 'मग्न'. त्यामुळे इंग्रज 'इमर्स्ड इन वर्क' म्हणतो आणि आपण 'कामात मग्न' म्हणतो, तेव्हा दोघं एकाच पाण्यात बुडालेले असतात. कोणी कोणाची नक्कल केलेली नाही. 'इमर्जन्सी' म्हणजे मुळात बुडालेलं काहीतरी अचानक वर येणं, उन्मज्जन.

अनंत चतुर्दशीला मुंबईचे इंग्रजी पेपर 'इमर्शन' छापतात. रूढ झालाय, चालू द्या. पण विसर्जन सृज् धातूचं आहे, त्यात निरोप देणं, सोडून देणं आहे. 'इमर्शन'मध्ये फक्त बुडवणं उरतं. शाळेच्या निबंधात मुलं उलट दिशेने जातात आणि 'इमर्शन रॉड'चं भाषांतर 'विसर्जन कांडी' करतात, ते मात्र थांबवा.

जीवरक्षकांच्या प्रशिक्षणात इमर्शन आणि सबमर्शन यांतला फरक गंभीर आहे. २००२ साली ॲमस्टरडॅमच्या जागतिक परिषदेत ठरलेली व्याख्या अशी: द्रवात सबमर्शन किंवा इमर्शन झाल्यामुळे श्वसनात अडथळा येण्याची प्रक्रिया म्हणजे ड्राउनिंग. सबमर्शन म्हणजे श्वासाचा मार्ग पाण्याखाली गेला. इमर्शन म्हणजे शरीर पाण्यात आहे, डोकं वर असू शकतं, पण लाटा किंवा तुषार तोंडा-नाकावर येत आहेत. चौपाटीवर लाटांत सापडलेला माणूस पूर्ण बुडालेला दिसत नसला तरी व्याख्येत बसतो. या व्याख्येत मृत्यू ही अट नाही, म्हणून 'निअर ड्राउनिंग', 'ड्राय ड्राउनिंग' असे जुने शब्द आता वापरू नयेत. बुडालेल्या माणसाच्या वैद्यकीय रिपोर्टात 'ॲस्पिरेशन' दिसेल. तिथे महत्त्वाकांक्षा शोधू नका. लॅटिन 'स्पिरारे' म्हणजे श्वास घेणे, आणि इथे अर्थ पाणी किंवा उलटी फुप्फुसात ओढली जाणं.

उताणं आणि पालथं यांसाठी डॉक्टर व फिजिओ सुपाइन आणि प्रोन म्हणतात. लॅटिन सुपीनुस म्हणजे पाठीवर, तोंड वर. प्रोनुस म्हणजे पुढे झुकलेला, तोंड खाली. बॅकस्ट्रोक सुपाइन, बाकी तिन्ही (फ्रीस्टाइल, ब्रेस्टस्ट्रोक, बटरफ्लाय) प्रोन. हेच शब्द हाताच्या पंजालाही लागतात आणि तिथे गोंधळ होतो. कोपर काटकोनात ठेवून तळवा वर केला की सुपिनेशन, खाली केला की प्रोनेशन. वाटी धरल्यासारखा तळवा तो सुपाइन, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

पायाचे शब्द याहून जास्त दगा देतात. फ्रीस्टाइलच्या लाथेत पाऊल ताणून बोटं मागे जातात ते प्लांटार फ्लेक्शन. प्लांता म्हणजे तळपाय. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये लाथ मारण्याआधी बोटं नडगीकडे ओढायची असतात ते डॉर्सिफ्लेक्शन. दोर्सुम म्हणजे पाठ, म्हणून नवशिका समजतो की पाऊल मागे न्यायचं, आणि नेमकं उलटं करतो. शरीरशास्त्रात पावलाची 'पाठ' म्हणजे त्याची वरची बाजू, जिच्यावर चपलेचा पट्टा येतो ती. त्या बाजूकडे वाकवायचं. हा शब्द चुकीचा समजला तर किक खरोखर बिघडते. ताणलेल्या पावलाने ब्रेस्टस्ट्रोकची लाथ मारली की पाणी ढकलायला तळवा उरतच नाही आणि पोहणारा जागच्या जागी राहतो.

आता माझा आवडता: अंड्युलेशन. बटरफ्लायमध्ये आणि वळणानंतरच्या डॉल्फिन किकमध्ये शरीरातून छातीपासून पावलांपर्यंत जी लाट जाते तिला नियमांपेक्षा प्रशिक्षणाच्या पुस्तकांत हे नाव आहे. फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये सुरुवातीनंतर आणि प्रत्येक वळणानंतर ती पाण्याखाली करता येते, पण १५ मीटरच्या खुणेपर्यंत डोकं पृष्ठभागाबाहेर यायलाच हवं. लॅटिन 'उंदा' म्हणजे लाट. संस्कृतात हाच धातू उद-, उनत्ति म्हणजे भिजवतो, आणि त्यातून उदक, समुद्र. इंग्रजीत उंदा ओळखू न येईल अशा ठिकाणी दडलेली आहे. अबंडंट म्हणजे काठोकाठ ओसंडणारं. रिडंडंट म्हणजे ओसंडून मागे आलेलं, म्हणून जादा. सराउंड तर मुळात सुपर अधिक उंदारे, 'वरून पाणी वाहून जाणे'. 'राउंड'शी आवाज जुळला म्हणून लोकांनी त्याला 'भोवती असणे' हा अर्थ दिला. जुलैत हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या बातमीत 'इनंडेटेड' म्हणजे पाण्याखाली गेलेलं येतं, तेही हेच.

पाण्याचे शब्द असे जुळू लागले की हात सैल सुटतो आणि माणूस सगळंच जोडायला लागतो. म्हणून दोन ठिकाणी ब्रेक लावायला हवा. पहिलं, लॅटिन 'अक्वा' आणि संस्कृत 'आपः'. अर्थ एक, सुरुवातीचा स्वर जवळचा, पण नातं नियमात बसत नाही. लॅटिन 'क्व'च्या जागी संस्कृतात क किंवा च येतो. क्वात्तुओर तिथे चत्वारि, क्विस तिथे कः. 'प' येत नाही. दुसरं, लॅटिन 'फ्लुएरे' म्हणजे वाहणे आणि इंग्रजी 'फ्लो'. फ्लुइड, इन्फ्लुएन्स, फ्लक्चुएट हे फ्लुएरेचे, पण फ्लो, फ्लड, फ्लोट, फ्लीट हे त्याचे नव्हेत. जर्मानिक 'फ' संस्कृत-लॅटिन 'प'चा प्रतिनिधी असतो: पितृ आणि फादर, पाद आणि फूट. तेव्हा फ्लोट, फ्लो यांचा जोडीदार संस्कृतात 'प्लु', म्हणजे तरंगणे, पोहणे. प्लवन आणि विज्ञानाच्या पुस्तकातलं प्लावक बल याच धातूचं. लॅटिनमध्ये त्याच धातूचा वाटा पावसाला गेला: प्लुइत, पाऊस पडतोय. 'फ्लोट' लॅटिनमधून आला असं शेकडो ठिकाणी लिहिलेलं सापडेल. ते चूक आहे.

फ्रेंचमधून फिरून आलेले शब्द ओळखणं अवघड, कारण वाटेत त्यांचा चेहरा बदलला. 'मेडली', म्हणजे चारही प्रकार मिसळलेली शर्यत, घ्या. लॅटिन मिस्केरे म्हणजे मिसळणे, संस्कृत 'मिश्र'चं भावंड. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं 'मेडलर' झालं, मग मेडली. आपल्या क्रीडापानांवर 'वैयक्तिक मिडले' छापतात. 'वैयक्तिक मिश्र' लिहिलं तर भाषाही शुद्ध आणि व्युत्पत्तीही शाबूत, पण तो हट्ट मी धरत नाही. क्रम मात्र नीट लिहा. वैयक्तिकमध्ये बटरफ्लाय, बॅक, ब्रेस्ट, फ्री. रिलेमध्ये बॅकस्ट्रोक आधी, कारण त्याची सुरुवात पाण्यातून होते आणि मधे ठेवला तर आधीचा पोहणारा भिंतीला हात लावायच्या जागीच पुढचा अडकून बसेल.

'प्लंज'मध्ये शिसं आहे. प्लुम्बुम म्हणजे शिसं. खोली मोजायला दोरीला शिशाचा गोळा बांधून पाण्यात सोडत, त्यावरून फ्रेंच क्रियापद आणि मग प्लंज. प्लंबर आणि प्लंज म्हणून सख्खे शेजारी. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये 'प्लंज फॉर डिस्टन्स' नावाची स्पर्धा होती. सूर मारून हातपाय न हलवता किती लांब जाता ते बघायचं. विल्यम डिकीने १९.०५ मीटर जाऊन ती जिंकली. पुढच्या ऑलिंपिकमध्ये ती ठेवली नाही, ते बरंच झालं.

तलावांच्या पाट्यांवर 'कॅप, कॉश्च्युम कंपल्सरी' असं लिहिलेलं असतं. तिन्ही शब्द लॅटिन. कॅप उत्तरकालीन लॅटिन 'काप्पा'वरून. कॉश्च्युम 'कोन्सुएतूदो' म्हणजे रूढी यावरून, इटलीमार्गे, आणि 'कस्टम' हा त्याचाच भाऊ. कंपल्सरी 'पेल्लेरे' म्हणजे ढकलणे यावरून, ज्यातून पोहण्यातलं 'प्रोपल्शन'ही आलं. तलावाच्या काठाला जे गटर असतं ते 'गुत्ता' म्हणजे थेंब यावरून. पृष्ठभागावरचं पाणी त्यात ओसंडतं, तेल, केस, घाम घेऊन बॅलन्स टँककडे जातं आणि गाळून परत येतं. लाटाही तिथे विरतात. 'टँक' मात्र लॅटिनच्या खात्यात सरळ टाकू नका. इंग्रजी कोशकार त्याचा एक झरा गुजराती-मराठी 'टाकं' असा देतात, आणि पोर्तुगीज 'तांके' हा दुसरा. कान्हेरीच्या लेण्यांत कातळात खोदलेली टाकी बघितल्यावर गोवालिया टँकमधला टँक परका वाटत नाही.

स्वतः तपासायचं असेल तर मोठ्या इंग्रजी कोशातला व्युत्पत्तीचा कंस शेवटाकडून वाचा. शेवटचं रूप सर्वांत जुनं असतं. मधे जुनं फ्रेंच असेल तर शब्द फ्रान्सहून आलेल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतरच्या, म्हणजे १०६६ नंतरच्या शतकांत झिजून आलेला असण्याची शक्यता जास्त: प्लंज, मेडली, गटर. थेट लॅटिन असेल तर बहुधा पंधराव्या ते सतराव्या शतकात पंडितांनी उचललेला आणि जवळजवळ अखंड: सुपाइन, इमर्शन, अंड्युलेशन. नंतर दोन रूपं शोधा, वर्तमानाचं आणि भूतकाळी विशेषणाचं, कारण इंग्रजी शब्द दोन्हींपैकी कशावरूनही आलेला असू शकतो. मग संस्कृतशी नातं जोडायचं असेल तर निदान दोन शब्दांत तोच ध्वनिबदल दाखवा. एकाच जोडीवर विसंबून ठेवलेलं नातं सोडून द्या.

आणि स्पेलिंगवर भरवसा ठेवू नका. फ्रीस्टाइलमधला 'स्टाइल' लॅटिन 'स्तिलुस'वरून आला, मेणाच्या पाटीवर लिहायची अणकुचीदार लेखणी. त्यात 'वाय' हे अक्षर शिरलं ते कुणाला तरी तो ग्रीक 'स्तुलोस' म्हणजे खांब वाटला म्हणून. गेली काही शतकं इंग्रजी ते तसंच लिहीत आली आहे.